होईल सवय

१

इन्शा शेखच्या न्यायाधीशपदाचा गळा आवळायला पाऊण मिनिटाचा आवाज पुरला होता.

फौजदार मोनिका गर्जेने तो पोलीस ठाण्यातल्या आपल्या टेबलाशी बसून पुन्हा ऐकला. आवाज इन्शाचाच होता, त्यात वादच नव्हता. खणखणीत, एकेक शब्द सुटा.

"तू सांगायचं, मी तिथं नव्हतेच. उलटसुलट कितीही विचारू देत, तू तेवढंच धरून बसायचं. खरं काय ते पोटात ठेव. कळलं?"

आणि मग कुठल्याशा बाईचं दबकं, "व्हय बाई."

सोबत निनावी अर्ज होता. पुणतांब्याच्या बायडाबाईने गेल्या मे महिन्यात मारहाणीच्या एका खटल्यात साक्ष फिरवली, ती साक्ष आरोपीच्या बाजूच्या वकील इन्शा शेख यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात अशी पढवून घेतली होती. असली बाई उद्या न्यायाच्या खुर्चीवर बसवणार काय?

इन्शा परीक्षा पास झाली होती, मुलाखत झाली होती, निवड यादीत नाव लागलं होतं. वडील पीरमहंमद गाद्या भरून देणारे. त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. उमेदवार या पदाला लायक आहे की नाही, हे दोन पानांत लिहून द्यायचं. आणि ते लिहायचं होतं मोनिकाने.

वरच्या साहेबांचा फोन आला. "क्लिप आहे ना? मग आणखी काय चौकशी करायची असते, मॅडम? प्रतिकूल लिहा आणि पाठवून द्या."

"सर, एकदा तिला ऐकवून विचारते की."

"अजिबात नाही. गोपनीय आहे. उमेदवाराला क्लिपचं कळता कामा नये."

"म्हणजे तिला विचारायचंच नाही?"

"नवीन आहात का हो तुम्ही?" साहेब म्हणाले. "की बाळंतपणाच्या रजेत सगळं विसरलात?"

मोनिकाने फोन ठेवला. कानशिलं तापली होती. घरी पाच महिन्यांचा गोरक्ष सासूबाईंकडे होता, त्याची दुधाची वेळ होत आली होती, आणि छाती दाटून दुखत होती. ती उठली, जीपची किल्ली घेतली. घरी जायच्या आधी एक माणूस गाठायचा होता, ज्याच्या हाताखाली इन्शाने तीन वर्षं वकिली केली.

२

अ‍ॅडव्होकेट कल्याणरावांचं ऑफिस साखर कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. डिसेंबरातला हंगाम ऐन रंगात होता. मळीचा आंबूस वास पडद्यातसुद्धा मुरलेला.

"या, या, फौजदारीणबाई!" कल्याणराव भारदस्त माणूस, बोलणं संथ, गोड. "माझा जन्म इथलाच. कारखाना कॉलनीतला. वडील बॉयलरवर होते. मजुराचं पोर मी, म्हणून तर इन्शासारखीला जवळ केली. पोरगी नाही हो ती, माझा उजवा हात आहे."

तेवढ्यात एक पक्षकार डोकावला. "साहेब, आपली तारीख कधी?"

कल्याणरावांनी फायलींच्या एका चळतीत हात घातला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. "इन्शा!" त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, आणि मग ओशाळून हसले. "ती सुट्टीवर आहे. निवड झाल्यापासून येत नाही." पक्षकाराला त्यांनी उद्या बोलावलं.

"तिच्यावर एक तक्रार आहे," मोनिका म्हणाली. "साक्षीदार पढवल्याची."

"छे! शक्यच नाही." त्यांनी कानाला हात लावले. मग जरा थांबून हळूच म्हणाले, "आता वय लहान आहे. चूक होऊ शकते माणसाकडून. पण तुम्ही फार कडक लिहू नका. वर्षभर थांबली तरी काय बिघडतं? तोवर माझ्याकडे आहेच की—"

नेमका तेव्हा कारखान्याचा भोंगा झाला. खिडकीची तावदानं थरथरली. कल्याणरावांचे ओठ हलत होते, पण मोनिकाला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. भोंगा थांबला.

"काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

कल्याणरावांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "का? मी हळू बोललो का?"

त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. इन्शा सोन्यासारखी पोर आहे, असं काहीसं होतं ते. निघता निघता मोनिकाने विचारलं, "तिचं वाईट व्हावं असं कुणाला वाटेल?"

"मी कुणाचं नाव घेत नाही," कल्याणराव म्हणाले. "पण तिची नेमणूक अडली तर वेटिंग लिस्टमधल्या पहिल्याचा नंबर लागतो. तो इथल्याच कोर्टात वकिली करतो. एवढं बघा म्हणजे झालं."

३

पण वेटिंग लिस्टमधल्या त्या पहिल्याला, पार्थला, गाठायच्या आधी मोनिका इन्शाच्या घरी गेली.

दारात कापसाचे पुंजके उडत होते. इन्शाने खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उभी राहिली.

"तुमच्याविरुद्ध एक तक्रार आलीय."

"काय तक्रार?"

"ते मला सांगता येत नाही. तुम्ही कधी एखाद्या साक्षीदाराला खोटं बोलायला शिकवलंत का?"

इन्शाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "कुठला साक्षीदार? कुठला खटला?"

"तेही नाही सांगता येत."

"मॅडम, दरोडेखोर कोर्टात उभा केला ना, तर त्यालासुद्धा आरोप वाचून दाखवतात. त्याला समजेल अशा भाषेत सांगतात. मी तीन वर्षं ते ऐकत आलेय. आणि मला न्यायाधीश करायचं की नाही हे ठरवताना मलाच आरोप सांगायचा नाही?" तिचा आवाज फाटला. "मग लिहा ना तुम्हाला काय लिहायचं ते! आलात कशाला?"

"इन्शा, बेटा..." आतून पीरमहंमद म्हणाले.

"नाही अब्बा, बोलू द्या मला."

मोनिका खाली मान घालून ऐकत राहिली. तिला उत्तर देता आलं असतं, पण ते साहेबांचं उत्तर झालं असतं. तिचं नसतं.

तिथून ती पुणतांब्याला गेली. बायडाबाई गोदावरीच्या काठी धुणं वाळत घालत होती. फौजदार दिसताच तिचे हात थांबले.

"मला कुनी पढवलं न्हाई," विचारल्यावर ती म्हणाली. "भांडन झालं तवा मी गावातच नव्हते. लेकीच्या बाळंतपनाला कोपरगावला गेल्ते. तुमच्याच हवालदारानं माझं नाव साक्षीदारात घातलं, मला न इचारता. म्या कोर्टात खरं तेच सांगितलं, मी तिथं नव्हते. तर आता म्हनता खोटं बोलले?"

"इन्शा वकीलबाई काय म्हणाल्या होत्या तुम्हाला?"

"ती म्हनली, मावशी, घाबरायचं न्हाई, आहे तसं बोला." बायडाबाईने डोळ्याला पदर लावला. "खरं बोलायचं तरी भ्याव, न बोलायचं तरी भ्याव. बाईमानसानं जावं तरी कुठं?"

हवालदाराचं ऐकून तिचीच मान खाली गेली होती. पण बायडाबाई खरं बोलत असेल, तर क्लिपमधली ती "व्हय बाई" म्हणणारी कोण? बायडाबाईचा आवाज घोगरा होता. क्लिपमधला पातळ, कोवळा.

४

पार्थ कोर्टाबाहेरच्या टपरीवर भेटला. शहरात, सावेडीत वाढलेला सुखवस्तू मुलगा. इथे खोली घेऊन वकिली करणारा.

"मला माहीत होतं तुम्ही येणार," तो म्हणाला. "तिचं अडलं की माझा नंबर. हिशोब सोपा आहे. सगळे तसंच बघतायत माझ्याकडे."

"मग? केलंत का काही?"

"राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. ती पुढं गेली याचा अजून येतो. पण—"

भोंगा वाजला. पार्थने शब्द अर्धवट टाकला, दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटून उभा राहिला. भोंगा विरल्यावरच त्याने डोळे उघडले.

"सॉरी. तीन वर्षं झाली, पण अजून छातीत धडकी भरते. आमच्या सावेडीत कुकरच्या शिट्टीपलीकडं काही वाजत नाही." तो हसला, पण कसंनुसं. "काय म्हणत होतो... हां. राग आला, पण मी निनावी अर्ज करणार नाही. केला तर सही करून करेन."

मोनिकाच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. "अर्ज निनावी होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

पार्थ गोंधळला. "म्हणजे... बाररूममध्ये कालपासून बोलतायत सगळे."

"कुणी बोललं पहिल्यांदा?"

"आता कसं सांगू? कुणीतरी म्हणालं..."

त्याच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरच्या थंडीत.

५

घरी आली तेव्हा दुपार कलत होती. गोरक्ष रडून रडून हैराण झालेला. मोनिकाने वर्दीची बटणं सोडून त्याला जवळ घेतलं, तसा तो हुंदके देतच लुचू लागला. थोड्या वेळाने त्याची मूठ सैल पडली, पापण्या जड झाल्या. त्याच्या टाळूचा वास नाकात भरून घेत ती तशीच बसून राहिली. दिवसभराचा राग त्या वासात जरा निवला.

"भोंग्यानं पुन्हा दचकला मघाशी," सासूबाई कपडे घड्या घालत म्हणाल्या. "दोन्ही हात असे फेकतो, ओठ काढतो आणि मग भोकाड. होईल सवय. इथली पोरं भोंग्यातच झोपतात."

मोनिकाने एका हाताने मोबाईल उघडला आणि क्लिप अगदी बारीक आवाजात लावली. पार्थच असेल का? अहवालात काय लिहू? तिच्या डोक्यात तेच चाललं होतं.

"...खरं काय ते पोटात ठेव. कळलं?"

गोरक्षने दोन्ही हात फेकले. खालचा ओठ बाहेर आला. आणि त्याने भोकाड पसरलं.

"अगं, भोंगा झाला का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," मोनिका म्हणाली. भोंग्याला अजून अवकाश होता. बाहेर शांत होतं. रस्त्यावरून उसाची ट्रॉली तेवढी जात होती.

तिने त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं, पुन्हा झोपवलं. मग जीव मुठीत धरून क्लिप पुन्हा लावली, मोबाईल आपल्या कानाला लावून. इन्शाच्या शब्दांमागे, दबून गेलेला, पातळ रेघेसारखा, तो होता. भोंगा. चार वेळा ऐकून तिला कळला नव्हता, कारण ती शब्दच ऐकत होती. ज्याला शब्द कळत नाहीत, त्याने बरोबर ऐकलं.

"माझ्या राजा," ती पुटपुटली, आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला. "काय ऐकलंस रे तू!"

कारखान्याचा भोंगा बॉयलरच्या वाफेवर वाजतो. हंगाम संपला की बॉयलर थंड होतो आणि भोंगाही मुका होतो. मे महिन्यात कारखान्यात चिटपाखरू नसतं. म्हणजे ही क्लिप मेमधली नव्हती. ती हंगामातली होती, थंडीतली. तेव्हा बायडाबाईची साक्षच नव्हती.

मग गेल्या थंडीत इन्शा कुणाला आणि कशासाठी खोटं बोलायला शिकवत होती?

६

दुसऱ्या दिवशी मोनिका बाररूममध्ये एवढंच विचारून आली, की गेल्या हंगामात वकील मंडळी मिळून कुठे गेली होती का? उत्तर सहज मिळालं. ऊसतोड मजुरांच्या तळावर कायदेविषयक शिबिर झालं होतं. कल्याणरावांनी घेतलं होतं, इन्शा आणि पार्थ बरोबर होते.

तळ कारखान्यामागच्या माळावर होता. पाचटाने शाकारलेल्या कोप्या, चुलींचा धूर, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. मोनिका पाथर्डीकडची, तिच्या गावची निम्मी माणसं दर साल कोयते घेऊन अशीच बाहेर पडतात. टोळी एकदा एका कारखान्याला लागली की बहुधा पुढच्या साली तिथंच येते, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती आली होती.

"मागल्या साली वकील लोक आले होते, आठवतं का कुणाला?"

"न आठवाया काय झालं!" मोळ्या बांधणारी एक तरणी बाई मागे वळली. चांगुणा तिचं नाव. आवाज पातळ, कोवळा. क्लिपमधलाच. "नाटक केलं हुतं त्यांनी. कोर्टात खोटं बोलू नये म्हनून. ती वकीलीन बाई लबाड वकील झाली हुती, आन् साक्षीदार कोन? तर म्या! मला वढून नेली बळंच. आमी लई हसलो, बाई."

"काय म्हणत होती ती लबाड वकील?"

चांगुणाने कमरेवर हात ठेवला, मान ताठ केली आणि इन्शाची हुबेहूब नक्कल केली. "तू सांगायचं, मी तिथं नव्हतेच! खरं काय ते पोटात ठेव! कळलं?" बाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. "आन् म्या म्हनायचं, व्हय बाई. मग त्यो पोरगेला वकील जज झाला हुता, ट्रालीवर बसून. त्यानं आमा दोघीस्नी जेलात घातलं."

"चांगुणा, कुणी मोबाईलमध्ये घेतलं का ते नाटक?"

"त्ये मोठे वकीलसाहेब की. म्होरं खुर्ची टाकून बसलेलं, मोबाईल धरून. मदीच भोंगा झाला, म्या गप झाले, तर म्हनत्यात कसं, थांबलीस का? बोल की!" चांगुणा नवलाने म्हणाली. "एवढा भोंगा बोंबलतोय, आन् म्हने थांबलीस का! त्यास्नी ऐकूच गेला न्हाई बगा."

७

कल्याणरावांच्या ऑफिसात तिघंजण बसले होते: कल्याणराव, पार्थ आणि इन्शा. मोनिकाने दार लावून घेतलं.

"वरून मनाई आहे," ती म्हणाली, "तरी मी हे ऐकवणार आहे. जिच्याबद्दल आहे, तिच्यासमोर."

तिने क्लिप लावली. इन्शा ताडकन उठली. "हे तर नाटकातलं आहे! शिबिरातलं! याच्यावरून माझी—"

"माहीत आहे मला. चांगुणा अजून तळावर आहे, तिचा जबाब झालाय. बसा." मोनिका पार्थकडे वळली. "बोलणं सोडून या क्लिपमध्ये आणखी काय ऐकू येतं?"

"भोंगा," पार्थ तत्काळ म्हणाला. "लगेच कळतो की."

"कल्याणराव, तुम्हाला?"

कल्याणरावांनी क्लिप पुन्हा लावायला सांगितली. कान देऊन ऐकली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कुठला भोंगा?"

मोनिकाने मोबाईल बंद केला.

"अर्ज करणाऱ्यानं शक्कल चांगली लढवली," मोनिका म्हणाली. "क्लिपमध्ये बाई म्हणते, मी तिथं नव्हतेच. मग असा खटला शोधला, जिथं साक्षीदार तसंच म्हणाली होती. बायडाबाईचा. तो खटला तुमच्याच ऑफिसचा, म्हणून मी तुम्हाला आधी संशयातून वगळलं होतं. आपल्याच दारात कोण चिखल टाकेल? पण पडताळणी गोपनीय असते, बाहेर काही येत नाही, हे तुम्ही ओळखून होता. चुकलं एवढंच, की खटला उन्हाळ्यातला आणि क्लिपमध्ये हंगामाचा भोंगा. पार्थच्या कानाला तो असा झोंबतो, की त्यानं तेवढा तुकडा आधी कापला असता. शिवाय तो तेव्हा ट्रॉलीवर जज होऊन बसला होता. मोबाईल तुमच्या हातात होता. आणि भोंग्यात थांबलेल्या बाईला, थांबलीस का, असं विचारणारे तुम्हीच. बाररूममध्ये निनावी अर्जाची कुजबुजही तुम्हीच सोडलीत, पार्थवर संशय जावा म्हणून."

कल्याणराव खुर्चीत मागे रेलले. नाकारतील, ओरडतील, असं मोनिकाला वाटलं होतं. ते हसले. त्या हसण्यानेच तिचं डोकं भडकलं.

"एवढं काय त्यात?" ते म्हणाले. "फाशी तर दिली नाही ना कुणाला. वर्षभर लांबलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली असती, हुशार आहे ती. तोवर माझी हातातली कामं मार्गी लागली असती. ती गेली तर हे सगळं..." त्यांनी फायलींच्या चळतींवरून हात फिरवला. "मला यातलं काही सापडत नाही हो. तीन वर्षं तिनंच लिहिलंय सगळं."

"माझं वर्ष!" इन्शा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त भाजत होता. "तुमच्यासाठी युक्तिवाद मी लिहायचे आणि उभे तुम्ही राहायचात. मला वाटायचं, शिकवतायत. मला कधी राग आला नाही, सर. एकदाही नाही. त्याचीच लाज वाटतेय आता."

"मी तुला घडवलं, इन्शा."

"घडवलंत ना? मग जगासमोर मला लबाड वकील करून उभी का केलीत? ते तर नाटक होतं."

पार्थने मान खाली घातली. "इन्शा, बाररूममध्ये ते बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो. नंबर लागेल म्हणून."

"मी तक्रार देणार, मॅडम," इन्शा म्हणाली. "माझ्या नावानं. खाली सही करून. उद्या त्या खुर्चीवर बसेन तेव्हा माझ्यासमोर बायडाबाई येतील, चांगुणा येतील. त्यांना मी सांगणार, घाबरू नका, बोला. आणि आज मीच गप्प राहू?"

"इन्शा, ऐक माझं, बाहेर कशाला न्यायचं—"

भोंगा झाला. तावदानं थरथरली. आणि कल्याणराव थांबले. शब्द तोंडातच राहिला. जन्मभर कानावर पडलेला तो आवाज ते आज पहिल्यांदा ऐकत होते, मान वर करून, खिडकीकडे बघत, भेदरल्यासारखे. तो विरून गेल्यावरही त्यांना पुढचं वाक्य सापडलं नाही.

मोनिकाने अहवालात लिहिलं: उमेदवार पदास पूर्णपणे पात्र. कल्याणरावांबद्दलचा कागद वेगळा केला, क्लिप उमेदवाराला ऐकवली हेही त्यात लपवलं नाही, आणि खाली ठसठशीत सही केली. साहेबांचा फोन आलाच. "सांगितलं होतं ना, गोपनीय म्हणून?" मोनिका म्हणाली, "सर, लेखी विचारा. लेखी उत्तर देते." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

हंगाम संपायच्या आत इन्शाच्या नेमणुकीचा आदेश आला. पीरमहंमदांनी मोनिकाच्या घरी एक इवलीशी गादी पाठवली, नव्या कापसाची, पाळण्याच्या मापाची.

गोरक्षला त्या गादीवर नुकता डोळा लागला होता, तोच भोंगा झाला. त्याने दोन्ही हात फेकले, ओठ काढला आणि घर डोक्यावर घेतलं.

"अगं बाई, अजून दचकतोच हा," सासूबाई धावत आल्या. "होईल हो सवय, होईल."

मोनिकाने त्याला उचलून छातीशी धरलं. त्याच्या रडण्याने तिचा खांदा भिजत होता.

"नको, आई," ती म्हणाली. "नकोच व्हायला."